आई, मला विचारलंस का?

"ताई, माझी मुलगी अकरा वर्षांची आहे. तिला सेरेब्रल पाल्सी आहे. व्हीलचेअर वापरते. तिचं बोलणं बाहेरच्यांना कळत नाही, म्हणून टॅबवर टाइप करते. शाळेने तिला सहलीला न्यायला नकार दिला. मी तीनदा जाऊन भांडले, तेव्हा 'आई सोबत आली तर नेऊ' म्हणून कबूल झाले. मी आनंदाने घरी येऊन सांगितलं, तर तिने लिहिलं, 'मला विचारलंस का?' आता जायचंच नाही म्हणते. जन्मापासून मी तिच्यासाठी भांडतेय. तिला त्याची काहीच किंमत नाही का?"

तुम्ही किती थकला आहात ते पत्राच्या ओळीओळीतून कळतं. पण त्या तीन शब्दांनी मला मात्र फार आनंद झाला. तुमच्या मुलीने आपला हक्क मागितला आहे, आणि तो आधी तुमच्याकडे मागितला, कारण तुम्ही ऐकून घ्याल याची तिला खात्री आहे.

अकरा वर्षांच्या कुठल्या मुलीला मैत्रिणींच्या घोळक्यात आई हवी असते? तुम्ही शाळेकडून जे मिळवून आणलंत, त्यात तिच्या वाट्याला नेमकं तेच आलं. ती अट मुळातच चुकीची आहे. बाकीच्या मुलांच्या आयांना कोणी बरोबर या म्हणत नाही. लागेल तो मदतनीस देणं हे शाळेचं काम. अपंग व्यक्तींच्या हक्कांबद्दल संयुक्त राष्ट्रांनी 2006 साली जो करार केला, त्यात शिक्षणात अशा वाजवी सोयी मिळण्याचा हक्क मांडला आहे. त्याच्या सातव्या कलमात आणखी एक गोष्ट आहे: अपंग मुलांना स्वतःशी संबंधित प्रत्येक बाबतीत मत मांडण्याचा हक्क आहे, आणि ते मांडण्यासाठी लागणारी मदतही मिळायला हवी. मुलगी जे विचारतेय ते हेच आहे.

तेव्हा पुन्हा शाळेत जा, पण तिला घेऊन. काय बोलायचं ते तिला आदल्या दिवशी सावकाश टाइप करून ठेवू दे. बैठकीत तुम्ही तिच्या बाजूला, किंचित मागे बसा. लोक सवयीने तुमच्याकडे बघून बोलतील. तेव्हा 'तिलाच विचारा, उत्तराला थोडा वेळ लागतो' एवढंच म्हणा आणि खरंच थांबा. ती शांतता तुम्हालाच सर्वांत जड जाईल. तिचं वाक्य तोंडावर आलं तरी पूर्ण करू नका. टॅबची बॅटरी ऐनवेळी संपते, म्हणून कागदावरचा अक्षरांचा तक्ताही जवळ असू द्या.

आता जरा अवघड विषय. सहलीत तिला टॉयलेटला कोण नेणार, हे कोणी तिला विचारलं का? मला तर वाटतं, तिच्या नकारामागे हीच काळजी असू शकेल. ती वयात येते आहे. लहानपणापासून कितीतरी हातांनी तिला उचललंय, बसवलंय, कपडे बदललेत. अशा मुलींना हळूहळू वाटायला लागतं की आपल्या अंगाला कोणीही हात लावू शकतं. ही समजूत फार धोकादायक आहे. टॅबच्या पहिल्याच पानावर 'नको', 'थांबा', 'दुखतंय', 'हात लावू नका' हे शब्द हवेत. शरीराच्या प्रत्येक अवयवाचं नाव हवं, पाळीचेही शब्द हवेत. आणि ती 'नको' म्हणाली की घरातही ते पाळलं गेलं पाहिजे, अगदी केस विंचरण्यापुरतं असलं तरी. घरच्यांनी कधी मानलाच नाही, तर तो शब्द परक्यासमोर तिच्या हातून कसा टाइप होणार? मदतनीस कोण हवी, हेही तिनेच ठरवू दे.

अमेरिकेत अपंगांच्या हक्कांसाठी लढलेल्या ज्युडी ह्यूमन यांना लहानपणी पोलिओ झाला होता. आई नाव घालायला घेऊन गेली, तेव्हा व्हीलचेअरमुळे आगीच्या वेळी धोका होईल असं सांगून शाळेने त्यांना परत पाठवलं. आई वर्षानुवर्षं भांडली, तेव्हा कुठे शाळा मिळाली. पुढे 1970 साली शिक्षिकेचा परवाना नाकारला गेला, तेव्हाही आगीचीच सबब होती. पण या वेळी ज्युडी स्वतः कोर्टात गेल्या आणि परवाना मिळवलाच. आपल्यासाठी भांडणारी आई त्यांनी लहानपणापासून पाहिली होती. तुमची मुलगीही तुम्हाला पाहत आली आहे.

म्हणून आज रात्री तिच्याजवळ बसा. 'चुकलं माझं, आधी विचारायला हवं होतं,' असं स्वच्छ म्हणा. मग विचारा: मी बरोबर नसेन, तुझ्या पसंतीची मदतनीस असेल, तर जाशील का? तिचं बोट थांबेपर्यंत वाट पहा. तरीही ती नाही म्हणाली, तर ते मान्य करा. सहलीला न जाण्याचा अधिकार इतर मुलांना असतो, तसाच तिलाही आहे. मात्र ती अट काढून टाकण्यासाठी शाळेच्या मागे लागणं सोडू नका. पुढच्या वर्षीही सहल असणारच.

आणि हे पत्र तिला वाचून दाखवा. तिचं काय म्हणणं पडलं ते मला कळवा, तिची हरकत नसेल तरच.