पेल्ला : आयोवातील डच गावात एक दिवस

प्रश्न : आम्ही उभयता मूळचे वेंगुर्ल्याचे. येत्या जूनमध्ये मुलीकडे अमेरिकेत, आयोवा राज्यातील डे मॉइन शहरात जाणार आहोत. जावयांनी तिथून जवळच असलेल्या पेल्ला नावाच्या डच गावी एका दिवसाची सहल ठरवली आहे. सोबत सहा आणि अकरा वर्षांची नातवंडे असतील. आमच्या गावात डचांची जुनी वखार असल्याने आम्हांला विशेष उत्सुकता आहे. हे तेच डच का? जूनमध्ये ट्युलिप पाहायला मिळतील का? दिवसभरात काय पाहावे? माझे गुडघे दुखतात, हेही लक्षात घ्यावे.
— एक वाचक, वेंगुर्ले

उत्तर : सर्वांत आधी एक विनंती. सहलीसाठी रविवार ठरला असेल, तर तो बदलून शनिवार किंवा आठवड्यातला दुसरा दिवस घ्यावा. आम्ही पहिल्यांदा रविवारी गेलो आणि चौकातली बहुतेक दुकाने बंद पाहून परतलो. रविवार हा उपासनेचा आणि विश्रांतीचा दिवस, ही तिथल्या जुन्या डच घराण्यांची श्रद्धा आजही पुष्कळ अंशी पाळली जाते, आणि आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तरही याच श्रद्धेत आहे.

वेंगुर्ल्याला सतराव्या शतकात आलेले डच हे त्यांच्या ईस्ट इंडिया कंपनीचे नोकर होते. व्यापार करणे आणि गोव्याच्या पोर्तुगीजांवर दबाव ठेवणे हे त्यांचे काम होते, आणि ते संपल्यावर मागे वखार तेवढी राहिली. पेल्लाला आलेले लोक मायभूमी सोडून कायमचे राहायला आले होते. 1834 मध्ये नेदरलँड्सच्या अधिकृत चर्चमधून काही मंडळी बाहेर पडली. सरकारने त्यांच्या सभांवर बंदी आणली, दंड आकारले आणि काहींना तुरुंगातही टाकले. त्यांच्या पुढाऱ्यांपैकी एक असलेले धर्मोपदेशक हेंड्रिक स्खोल्टे यांनी 1847 मध्ये सुमारे आठशे माणसे, बायकामुलांसह, चार जहाजांतून अमेरिकेत आणली आणि आयोवाच्या गवताळ माळावर हे गाव वसवले. जेरुसलेमचा विध्वंस होण्यापूर्वी तिथले ख्रिस्ती लोक जॉर्डन नदीपलीकडच्या ज्या पेल्ला नगरात आश्रयाला गेले असे परंपरा सांगते, त्या नगराचे नाव त्यांनी या गावाला दिले. हे कळल्यावर गावाकडे पाहण्याची आपली दृष्टीच बदलते, म्हणून नातवंडांना गाडीत बसल्या बसल्याच ही गोष्ट सांगावी. डे मॉइनहून पेल्ला गाडीने तासाभराच्या आतच येते, तेवढ्या वेळात ती सहज सांगून होते.

ट्युलिपबाबत मात्र निराशा होईल. हे कंद थंडीपूर्वी जमिनीत लावतात आणि एप्रिलच्या अखेरीपासून मेच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत ते फुलतात. जूनमध्ये त्यांच्या जागी दुसरी फुले असतात. गावाचा ट्युलिप उत्सव मेच्या आरंभी तीन दिवस भरतो. 1935 मध्ये तो पहिल्यांदा झाला, तेव्हा गावात पुरेसे ट्युलिपच नव्हते, म्हणून लाकडाची फुले करून रस्त्यांवर उभी केली होती! उत्सवात मिरवणुकीपूर्वी पारंपरिक वेशातली मंडळी बादल्या आणि लांब दांड्यांचे ब्रश घेऊन भर रस्ता घासून धुतात. पुढे कधी मुक्काम मे महिन्यात असेल, तर हा प्रसंग चुकवू नये.

तरीही जूनमधली सहल वाया जात नाही, कारण पवनचक्की आणि तिच्याभोवतीचे ‘ऐतिहासिक गाव’ हे जुन्या घरांचे संग्रहालय फुलांवर अवलंबून नाही. तुमच्या घरात कधीकाळी जाते असेल, तर ही चक्की तुम्हांला नातवंडांपेक्षाही अधिक आवडेल, असे मला मनापासून वाटते. सुमारे 124 फूट उंचीची ही चक्की नेदरलँड्समध्ये तयार करून, सुटी करून पेल्लाला आणली आणि 2002 मध्ये इथे उभी राहिली. ती शोभेची नाही, वाऱ्यावर खरोखर गहू दळते. लाकडी सांगाड्याच्या पात्यांवर वारा धरण्यासाठी कापड ताणतात, आणि वारा ज्या दिशेचा असेल तिकडे चक्कीचे डोके सज्जातून फिरवून घेतात. आतले दगड पाहताना आपले जाते आठवल्याशिवाय राहत नाही, कारण इथेही खालची तळी स्थिर असते आणि वरची फिरते, दाणे मधल्या भोकातून पडतात आणि पीठ कडेने बाहेर येते. आपण जात्याला टाकी लावून घेतो, तसेच हे दगडही गुळगुळीत झाले की छिन्नीने पुन्हा खरबरीत करावे लागतात. आम्ही गेलो तेव्हा वारा बेताचाच होता, तरी पाती फिरू लागताच सगळी लाकडी इमारत हलके कुरकुरू लागली आणि हाताला कोमट पीठ लागले. गुडघ्यांसाठी एवढेच सांगतो, की वरच्या मजल्यांवर जायचे की नाही हे तिकीट घेतानाच विचारून ठरवावे. दळण पाहणे महत्त्वाचे, उंची नव्हे.

याच आवारात मातीच्या ढेकळांची झोपडी आहे. पहिल्या हिवाळ्यात पुष्कळ कुटुंबे जमीन खोदून, वर गवत शाकारून राहिली, म्हणून त्या वस्तीला ‘गवताचे गाव’ असे नाव पडले होते. तिथे पाच मिनिटे शांत उभे राहावे. अकरा वर्षांच्या नातवाला वायट अर्प या अमेरिकेच्या प्रसिद्ध पिस्तूलधारी कायदारक्षकाचे बालपणीचे घर आवडेल, तर धाकट्याला लाकडी बूट. चौकाजवळच्या घड्याळाच्या चित्रबाहुल्या ठरावीक तासांना बाहेर येऊन गावाचा इतिहास दाखवतात, त्या वेळा आधी पाहून जेवण त्याप्रमाणे ठरवावे.

वेळ उरला, तर स्खोल्टे यांचे घर अवश्य पाहावे. त्यांच्या पत्नी मारिया यांना हा ओसाड माळ सोसवला नाही. मायदेशाहून आणलेली त्यांची निळी चिनी मातीची भांडी प्रवासात फुटली आणि त्यांचे तुकडे त्यांनी बागेच्या वाटेत बसवून घेतले, असे सांगतात. घर सोडून दूर राहायला आलेल्या मुलीची आई म्हणून आपल्या पत्नींना हे घर सर्वांत जवळचे वाटेल.

प्रश्न : आम्ही पूर्ण शाकाहारी आहोत. पेल्लात मुलांना काय खाऊ घालता येईल?
— एक वाचक, डे मॉइन

उत्तर : इंग्रजी ‘एस’ अक्षराच्या आकाराची, आत बदामाचे सारण असलेली खुसखुशीत ‘डच लेटर’ ही तिथली खासियत सकाळीच घ्यावी, कारण ती लवकर संपते. अंडे चालत नसेल, तर काउंटरवर आधी विचारावे. गावाचे प्रसिद्ध ‘बोलोना’ मांसाचे असते, ते टाळावे. गाउडा चीज घेतानाही वेष्टन वाचावे, कारण पारंपरिक पद्धतीत दूध नासवण्यासाठी वासराच्या पोटातला ‘रेनेट’ हा पदार्थ वापरतात. वेष्टनावर वनस्पतिजन्य किंवा सूक्ष्मजीवजन्य रेनेट असे लिहिलेले असेल, तर ते चालते. मुलांसाठी पोळीभाजीचा डबा मात्र घरूनच न्यावा. गावापासून पंधरा मिनिटांवर रेड रॉक तलाव आहे, तिथे काठावर सावलीत बसून जेवता येते.