अट पाठवावी, लिमिट मात्र जपून

प्रश्न : आमच्या दूध संघाच्या संकलनाच्या नोंदी आम्हीच बांधलेल्या एका जुन्या साठ्यात आहेत. त्या पोस्टग्रेस या डेटाबेसमधून दिसाव्यात म्हणून मी फॉरेन डेटा रॅपर (बाहेरच्या साठ्यातल्या नोंदी पोस्टग्रेसला तक्त्यासारख्या दाखवणारा कोड) लिहिला आहे. परंतु कऱ्हाड केंद्राच्या ताज्या २० नोंदी मागितल्या, तरी सगळ्या नोंदी इकडे ओढल्या जातात. व्हेअर (अट), ऑर्डर बाय (क्रम) आणि लिमिट (ओळींची मर्यादा) हे साठ्याकडेच कसे सोपवावे?

उत्तर : यातले काहीही पोस्टग्रेस आपणहून पुढे पाठवत नाही, रॅपर जेवढे पत्करतो तेवढेच त्याच्याकडे जाते आणि उरलेले काम ओळी हाती आल्यावर इथे होते. म्हणून ‘गेटफॉरेनप्लॅन’मध्ये (क्वेरीचा आराखडा करताना पोस्टग्रेस रॅपरचे जे फंक्शन बोलावतो, त्यात) अटींची वाटणी करून साठ्याला जमणाऱ्या अटी तिकडे पाठवाव्यात, आणि तो नेमका पोस्टग्रेससारखाच अर्थ लावतो याची खात्री नसेल, तर तीच अट फेरतपासणीसाठी इकडेही ठेवावी.

तुमचेच उदाहरण घेऊ. ‘कऱ्हाड’मधला ‘ऱ’ युनिकोडमध्ये एका संकेतांकाने लिहिता येतो, तसाच ‘र’ला नुक्ता (अक्षराखालचा टिंब) जोडूनही. पोस्टग्रेसच्या नेहमीच्या तुलनेत ही दोन रूपे वेगळी ठरतात. तुमचा साठा त्यांना एकच मानत असेल, तर तो जास्त ओळी देईल आणि फेरतपासणी त्या गाळेल. (साठ्याने कमी ओळी दिल्या, तर मात्र फेरतपासणी काहीच करू शकत नाही.)

खरी मेख लिमिटमध्ये आहे. साठ्याने २० ओळी मोजून दिल्या आणि त्यांतल्या ३ इकडे गळल्या, तर वापरकर्त्याला १७ च दिसतात, आणि तेही कोणतीही त्रुटी न दाखवता. काउंटचेही (ओळींच्या मोजणीचेही) तसेच. म्हणून एक जरी अट इकडे तपासायची उरली, तरी लिमिट पाठवू नये. तारखेचा क्रम मात्र गाळणीने बिघडत नाही. तो ‘गेटफॉरेनपाथ्स’ या फंक्शनमध्ये पाथकीजसह (ओळी कोणत्या क्रमाने येतील हे सांगणाऱ्या खुणांसह) जाहीर केला की इथली क्रमवारी वाचते. लिमिट ‘गेटफॉरेनअपरपाथ्स’ या फंक्शनमध्ये हाताळतात, आणि त्यासाठी लागणारा तपशील रॅपरला पोस्टग्रेसच्या १२व्या आवृत्तीपासून (२०१९) मिळतो. पोस्टग्रेससोबत येणाऱ्या पोस्टग्रेस_एफडीडब्ल्यू या तयार रॅपरचा कोड या बाबतीत कोणत्याही लेखापेक्षा उपयोगी पडेल.

शेवटी एक्सप्लेन ॲनालाइझ (क्वेरी प्रत्यक्ष कशी चालली ते दाखवणारी आज्ञा) चालवून ‘रोज रिमूव्ह्ड बाय फिल्टर’ (इकडे गाळलेल्या ओळी) यापुढचा आकडा पाहावा. तो लाखांत असेल, तर अट अजून तिकडे पोहोचलेलीच नाही.