थंडीत दुसरा गिअर अडतो

प्रश्न : इंग्लंडमध्ये १९९९ची जुनी माझदा एमएक्स-५ घेतली आहे, पाच गिअरची. सकाळी दुसरा गिअर अडतो. गिअरबॉक्सचं ऑइल घरी बदलता येईल का?

उत्तर : जरूर. ७५डब्ल्यू-९० जाडीचं, जीएल-४ दर्जाचं ऑइल आणा; दोन लिटर लागतं. फक्त जीएल-५ लिहिलेलं घेऊ नका. त्यातली गंधकयुक्त रसायनं सिंक्रोच्या (गिअर बदलताना वेग जुळवणारा भाग) पितळी रिंगा खाऊ शकतात, शिवाय ते जास्त बुळबुळीत असल्याने रिंगची पकड सुटते.

गाडी थोडी फिरवून ऑइल कोमट करा. गाडी चारही कोपऱ्यांना समपातळीत राहील अशी भक्कम स्टँडवर चढवा. नुसत्या जॅकवर खाली शिरू नका. आधी गिअरबॉक्सच्या बाजूचा, ऑइल भरायचा बोल्ट सोडवा. तो जाम असेल आणि ऑइल आधीच काढलेलं असेल, तर गाडी जागेवरच अडकते. मग खालचा बोल्ट काढून जुनं ऑइल निथळू द्या. त्याच्या चुंबकावरचा करडा, मऊ लेप नेहमीचाच. पितळेचे पिवळे कण मात्र सिंक्रो झिजल्याची खूण. वॉशर नवे घाला आणि खालचा बोल्ट परत बसवा. बाजूच्या भोकातून पंपाने भरा, ऑइल त्या भोकाच्या खालच्या काठावरून ओघळू लागलं की थांबा.

गिअर लिव्हरखालच्या कप्प्यातलं ऑइल वेगळं असतं, तेही बदला. थंडीत थोडं अडखळणं या गाडीत राहीलच. गरम झाल्यावरही अडला, तर सिंक्रो किंवा क्लच तपासून घ्या.