झिंक बॅटरीवरचे संशोधन: पोटापाण्याचा प्रश्न

स. न. वि. वि.

आपली कन्या टी. वाय. बी. एस्सी.ला रसायनशास्त्र शिकते आहे, झिंक-आयन बॅटरीतील हायड्रोजेलवरच (पाणी धरून ठेवणाऱ्या जेलवरच) पुढे संशोधन करण्याचा तिचा हट्ट आहे, आणि एवढ्याशा विषयावर पोट कसे भरणार, त्यापेक्षा एम. बी. ए. बरे नव्हे का, असे आपण विचारले आहे. शंका रास्त आहे, पण विषय दिसतो तेवढा अरुंद नाही.

झिंक स्वस्त आहे आणि या बॅटरीतील इलेक्ट्रोलाइट, म्हणजे आयन वाहून नेणारे द्रावण, पाण्याचा असल्यामुळे पेट घेण्याची भीती फारशी नसते. अडचण आहे ती आयुष्याची. चार्जिंग होताना झिंक सारखे न बसता त्याला सुईसारखे काटे फुटतात, ते मधला पडदा भेदून पलीकडे टेकले की बॅटरी शॉर्ट होते, शिवाय मोकळे पाणी झिंकला गंजवते आणि हायड्रोजन वायू सुटतो. पॉलिॲक्रिलामाइड किंवा अल्जिनेट अशा पॉलिमरच्या (लांब साखळ्यांच्या रेणूंच्या) जाळ्यात पाणी धरून ठेवल्यास, म्हणजेच हायड्रोजेल वापरल्यास, त्यातील काही भाग पॉलिमरच्या साखळ्यांशी बांधला जातो, आयन अधिक समान पसरतात आणि दोन्ही तक्रारी कमी होतात. मात्र जाळे फार घट्ट झाले तर आयनांची चाल मंदावते, सैल राहिले तर जेलमध्ये बळ उरत नाही, आणि जेल सुकले तर सगळेच मुसळ केरात.

हा मेळ घालताना तिला पॉलिमर आणि इलेक्ट्रोकेमिस्ट्री ही दोन्ही शास्त्रे हाताने शिकावी लागतील, आणि ती सोडियम बॅटरी, सुपरकपॅसिटर, गंजरोधक लेप अशा कितीतरी कामांत चालतात. केवळ झिंक बॅटरीच्या भरवशावर नोकरी मात्र धरू नये. वजनाच्या मानाने ती लिथियमपेक्षा कमी ऊर्जा साठवते, म्हणून मोटारीपेक्षा सौरऊर्जेच्या साठवणीत तिचा उपयोग अधिक संभवतो.

पुण्यात राहता हे आपले भाग्यच: पाषाणला राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आणि तिच्या शेजारी आयसर ही विज्ञान शिक्षण व संशोधन संस्था आहे. एम. एस्सी.चा प्रकल्प अशा ठिकाणी मिळाल्यास पीएच. डी.चा निर्णय त्यानंतरच घ्यावा, कारण एकेका सेलची चाचणी आठवडेच्या आठवडे चालते आणि तो कंटाळा सर्वांना सोसत नाही. नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेतून जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाल्यास दरमहा ३७,००० रुपये मिळतात, तेव्हा घरावर भार पडणार नाही. एम. बी. ए. एम. एस्सी.नंतरही करता येते. आयआयटीत एम. एस्सी. करायचे असेल, तर फेब्रुवारीत होणाऱ्या ‘जॅम’ या प्रवेशपरीक्षेचा अर्ज आदल्या वर्षीच भरावा लागतो, एवढे तिला आजच सांगावे.