व्हिओनिए पहिल्यांदा चाखताना

भाऊ, व्हिओनिए ही पांढरी वाइन मूळची फ्रान्सच्या ऱ्होन खोऱ्यातली, अन् तिचा सगळा जीव वासात. आपल्या उन्हाळ्यात बाटली दोन-अडीच तास फ्रिजमध्ये ठेवा, १० ते १२ अंशांवर प्या. जास्त गार केली तर वास दबतो, कोमट झाली तर अल्कोहोलच नाकात चढतं. स्टीलचा पेला नकोच. काचेच्या ग्लासात ६० मिली ओता, दांडीला धरून फिरवा, हुंगा. आधी पिकलेलं जर्दाळू, मग आंबिया बहारात संत्र्याच्या बागेत सकाळी दरवळतो तो फुलांचा वास. आंबटपणा कमीच असतो, तो दोष नाही. बूच वर सरकलेलं, तोंडाशी चिकट ओघळ, रंग तपकिरी असेल तर बाटली वाटेत तापलेली समजा. सावजी रश्शासोबत घेऊ नका, तिखट आणखी भडकतं. गोळाभातासोबत घ्या.