मोरोक्कोची युरोपात पाडलेली चांदीची नाणी जमवायची आहेत. सुरुवात कोणत्या नाण्यापासून करू आणि खरेपणा कसा पाहू?

सुरुवात सुलतान अब्द अल-अझीझच्या हिजरी १३२० किंवा १३२१ च्या रियालपासून करा, आणि वजनकाटा जवळ असल्याशिवाय पैसे मोजू नका. हा १० दिरहमचा रियाल २५ ग्रॅमचा, ९०० टंचाचा. म्हणजे शुद्ध चांदी साडेबावीस ग्रॅम. त्याआधी सुलतान पहिल्या हसनने हिजरी १२९९ (इ.स. १८८१-८२) मध्ये पॅरिसला पाडून घेतलेला रियाल मात्र २९.१ ग्रॅमचा. दोन्ही साधारण एकाच आकाराचे दिसतात, त्यामुळे फोटोवरून फसगत होते. काटा लगेच सांगतो.

अब्द अल-अझीझच्या काळात पॅरिस, बर्लिन, लंडन आणि बर्मिंगहॅम अशा चार ठिकाणी काम वाटलं गेलं. टांकसाळीचं नाव अरबी लिपीत असतं. एकाच सालाचं नाणं वेगवेगळ्या टांकसाळींचं लावता येतं, आणि माझ्या मते या संग्रहाची खरी गंमत तिथेच आहे. साल हिजरी असलं तरी अंक आपल्या ओळखीचे, इंग्रजी पद्धतीचे असतात. त्यामुळे साल वाचायला अरबी येत नसेल तरी अडत नाही. पुढे १३२९ चे (१९११) त्याच्यानंतरचा सुलतान अब्द अल-हफीझ याचे रियाल पॅरिसचेच.

एक पथ्य: कडेला डाख देऊन कडी जोडलेली, भोक बुजवलेली नाणी बाजारात बरीच येतात, कारण ती दागिन्यांत ओवली जात. अशांचं वजन थोडं इकडेतिकडे असलं तरी ती खोटी ठरत नाहीत, फक्त भाव चांदीच्या आसपासच द्या.