मुलीच्या शिक्षणाचे सहा लाख टांझानाइटमध्ये घालू का?

टांझानियातल्या अरुशात तुमची नोकरी, दोन वर्षांनी करार संपतोय. मुलगी आठवीत. साठलेले सहा लाख रुपये टांझानाइटच्या तीन खड्यांत घालावेत का, असं विचारलंत. दुकानदार म्हणतो, हा खडा जगात फक्त इथेच निघतो, खाणी आटत चालल्यात, भाव चढणारच.

हा खडा फक्त तिथेच निघतो हे खरं आहे. अरुशाजवळच्या मेरेलानीच्या टेकड्यांतला काही किलोमीटरचा पट्टा सोडला तर त्याची खाण कुठेच नाही. टांझानाइट हा झोइसाइट नावाच्या खनिजाचा प्रकार; ते सुमारे 58 कोटी वर्षांपूर्वी घडलं, आणि व्हॅनेडियममुळे त्याला ती जांभळट निळाई आली. पण दुर्मिळ वस्तूला गिऱ्हाईकही लागतं. 1967 साली सापडलेल्या या खड्याला टिफनी या अमेरिकन दागिन्यांच्या कंपनीने नाव दिलं आणि 1968पासून जाहिरात करून बाजार उभा केला. नीलमासारखी शतकांची मागणी त्याच्यामागे नाही.

माझी खरी काळजी विकण्याची आहे. सोनं मोडायला गेलात तर घडणावळ जाते, पण त्या दिवसाचा भाव पेपरात छापलेला असतो. खड्याला असा भाव नाही. रंग किती गडद, पैलू कसे, यावर प्रत्येकाची किंमत वेगळी. तुम्ही दुकानाच्या भावाने घेणार; पुण्यातला जवाहिऱ्या मात्र जयपूरहून त्याला घाऊक काय पडतं तेच बघणार. 2020मध्ये तिथले खाणवाले सनिनियू लैझर यांनी दोन मोठे दगड सरकारला 770 कोटी टांझानियन शिलिंगांना विकले, त्याचा तुम्ही दाखला दिलात. पण ते खाणीच्या तोंडाशी होते, तुम्ही साखळीच्या दुसऱ्या टोकाला आहात.

शिवाय खडा नाजूक. दहापैकी मोजायच्या मोह्स मापावर नीलमाची कठिणता 9, याची 6 ते 7. धुळीतल्या वाळूनेही चरे पडतात, आणि चरा पडला की किंमत उतरते.

म्हणून हे पैसे त्यात घालू नका. सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला काढा, उरलेले एनआरई (परदेशी राहणाऱ्या भारतीयांसाठीच्या) मुदत ठेवीत ठेवा. कॉलेजला चारच वर्षं उरलीत, तिथे धोका नको.

आठवण म्हणून पत्नीसाठी एक खडा जरूर घ्या, चाळीस हजारांच्या आत. लॉकेटमध्ये बसवा, अंगठीत नको. खाणीतून बहुतेक खडे तपकिरीच निघतात आणि भट्टीत तापवल्यावर निळे होतात, ती रीतच आहे. ‘न तापवलेला’ म्हणून जादा पैसे देऊ नका. काच किंवा कृत्रिम फॉर्स्टेराइट (टांझानाइटसारखा दिसणारा नकली खडा) गळ्यात पडू नये म्हणून प्रयोगशाळेचं प्रमाणपत्र मागा, आणि येताना पक्की पावती जवळ ठेवा.